दहाचं नाणं बाजारात का अडतं आणि साठलेली चिल्लर बँकेत कशी भरायची

प्रश्न असा: तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. नोटाबंदीनंतर दहाचं नाणं गिऱ्हाईक घेईना, घाऊक व्यापारीही घेईना. चिकटपट्टी लावलेली दहाची नोट मात्र सगळे घेतात आणि पाचचं नाणंही बिनबोभाट चालतं. असं का? गल्ल्यात साठलेल्या नाण्यांचं काय करायचं? बँकेत गेलं की ‘मोजायला माणूस नाही’ म्हणतात.

आधी थेट उत्तर देतो. दहाची सगळी नाणी चालू आहेत, एकही नक्षी बाद झालेली नाही. पाचचं नाणं चालतं, कारण पाचची नोट बाजारातून जवळजवळ गेली आणि लोकांपुढे दुसरा पर्याय उरला नाही. दहाची नोट छापणं सुरूच राहिलं, त्यामुळे प्रत्येकाला निवड करता येते आणि निवड करता आली की माणूस नोट घेतो. त्यात नाणं बँकेत परत जायची वाट अरुंद आहे. नोट अडली तर बँक घेईल याची खात्री असते, नाण्याची तशी खात्री वाटत नाही. दुकानदाराचा नकार बहुतेक वेळा अडाणीपणातून येत नाही, ‘हे माझ्याच गळ्यात राहील’ या हिशेबातून येतो. म्हणून नुसतं ‘नाणं खरं आहे’ असं समजावून बाजार हलत नाही. पुढचा माणूस नाणं घेईल आणि शेवटी बँकही घेईल, हे दिसावं लागतं.

आता हे घडलं कसं ते पाहू, कारण उपाय त्यातूनच निघतो.

८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के या दोन नोटांत होते. बदल्यात आधी हाती आली २००० ची नोट, आणि तिच्या खाली बराच काळ थेट १०० चीच नोट होती. मोड मिळेना. शाखांकडे जे सुटं चलन पडून होतं ते बाहेर काढलं गेलं, त्यात दहाच्या नाण्यांच्या पिशव्या होत्या. ज्यांनी एरवी महिन्याला चार-पाच दहाची नाणी पाहिली असतील, त्यांच्या हातात एकदम शेकड्यांनी नाणी आली. दोन हजार रुपयांची दहाची नाणी म्हणजे २०० नग, दीड किलोच्या वर वजन. टंचाई होती तोवर लोकांनी ती घेतली. नव्या नोटा पुरेशा आल्या तसं प्रत्येकाने आधी नाणी बाहेर काढली आणि नोटा ठेवून घेतल्या. परिणामी ती सगळी नाणी छोट्या दुकानदारांकडे, रिक्षावाल्यांकडे, भाजीवाल्यांकडे येऊन थांबली.

त्याच सुमाराला अफवेचं निमित्त मिळालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली पोलिसांनी पाच आणि दहाची बनावट नाणी पाडणारा कारखाना पकडला. बातमी खरी होती, पण ती पसरताना ‘दहाची नाणी खोटी आहेत’ अशी झाली, आणि नोटाबंदीनंतर ‘दहाचं नाणंही बंद होणार’ अशी. आठ दिवसांपूर्वी रात्री आठ वाजता हजाराची नोट बाद होताना ज्याने पाहिली, त्याला दहाचं नाणं बाद होईल हे अशक्य का वाटावं? विश्वास तिथे ढळला. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१६ ला खुलासा केला, १७ जानेवारी २०१८ ला दहाच्या नाण्याच्या १४ नक्षी चलनात असल्याचं पुन्हा सांगितलं, २०१९ मध्ये आणखी एकदा सांगितलं. जानेवारी २०१८ मध्येच मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळींत नाणी पाडणं काही काळ थांबवावं लागलं, कारण पाडलेली नाणी ठेवायला जागा नव्हती. बाजार नाणी घेईना आणि बँका उचलेनात, त्याचा हा शेवट होता.

नाणं खरं की खोटं, याच्या ज्या ‘खुणा’ गावोगावी सांगितल्या जातात त्यांपैकी बहुतेक चुकीच्या आहेत, त्या एकदा निकालात काढू.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे रेषांची. ‘दहा रेषांचं खरं, पंधरा रेषांचं खोटं.’ प्रत्यक्षात दोन्ही टांकसाळीचीच आहेत. आधीच्या नक्षीत वरच्या बाजूला १५ रेषा होत्या. जुलै २०१० मध्ये रुपयाचं चिन्ह ठरलं, आणि २०११ पासून ते चिन्ह घेऊन जी नक्षी आली तिच्यात १० आहेत. याच कारणाने ‘चिन्ह नसलेलं नाणं जुनं, म्हणजे बाद’ हेही चूक. नक्षी बदलली म्हणून आधीचं नाणं बाद होत नाही. नाणं बाद करायला सरकारला वेगळी अधिसूचना काढावी लागते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली ती अशीच, आधी जाहीर करून, बँकांत बदलून घ्यायला मुदत देऊन.

दुसरी खूण सालाखालची. साल जिथे असतं त्याच्या खाली हिऱ्याचा आकार असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर ते कोलकात्याचं. ‘खूण नाही म्हणजे खोटं’ असं म्हणून कोलकात्याची नाणी नाकारणारे बरेच भेटतात.

तिसरी, चित्रांची. दहाच्या १४ नक्षींत बऱ्याचशा स्मरणार्थ काढलेल्या आहेत: होमी भाभा जन्मशताब्दी, रिझर्व्ह बँकेची ७५ वर्षं, संसदेची ६० वर्षं, वैष्णोदेवी देवस्थान, काथ्या मंडळाची ६० वर्षं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १२५ वी जयंती, आंतरराष्ट्रीय योग दिन, गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेतून परतणं. नोटेचं रूप लोकांना पाठ असतं, कारण एका वेळी फार तर दोन मालिका फिरत असतात. नाण्याला १४ चेहरे दिले की ओळख पक्की होत नाही, आणि अनोळखी पैसा माणूस हातात ठेवत नाही. स्मरणार्थ नाणी वेगळी, संग्राहकांसाठी काढावीत आणि रोजच्या वापराचं नाणं एकाच चेहऱ्याचं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

चौथी, लोहचुंबकाची. तिच्यावर अजिबात जाऊ नका. स्टीलची एक-दोनची नाणी चुंबकाला चिकटतात, जुनी तांबे-निकेलची चिकटत नाहीत, पितळी रंगाचं पाचचं चिकटत नाही. वेगवेगळ्या मालिकांचा धातू वेगळा आहे, एवढंच त्यातून कळतं.

खरी तपासणी साधी आहे. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आणि वजन ७.७१ ग्रॅम (२०१९ च्या मालिकेचं ७.७४). बाहेरची कडी आणि आतली चकती यांच्या सांध्यावरून नख फिरवा. खऱ्या नाण्यात सांधा घट्ट आणि सगळीकडे सारखा असतो. बनावट नाण्यात तिथे फट, उंचवटा किंवा रंगाचा ओघळ जाणवतो. अशोकस्तंभावरच्या सिंहांची आयाळ आणि खालची ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरं पुसट, फुगीर असतील तर शंका घ्यायला जागा आहे. शंका आली तर नाणं वेगळं ठेवून बँकेत दाखवा. तसंच पुढे सरकवू नका, कारण बनावट आहे हे ठाऊक असताना ते चालवणं हा गुन्हा आहे.

आता पाच चालतं आणि दहा अडतं, हा प्रश्नाचा गाभा. १९९४-९५ मध्ये एक, दोन आणि पाचच्या नोटांची छपाई थांबवून त्यांची जागा नाण्यांना दिली. पाचच्या नोटा पुढे काही काळ परत आल्या, पण नंतर बाजारातून त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. तेव्हाही लोकांनी कुरकुर केली होती. खिसा जड होतो, नाणी सांडतात, लहान मुलं गिळतात, सगळं बोलून झालं. पण नोट मिळत नसल्यामुळे सवय झाली. दहाचं नाणं २००९ मध्ये बाजारात आलं आणि नोट तशीच चालू राहिली. एवढंच नाही, जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे नाणी गोदामात मावत नव्हती त्याच महिन्यात, कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चित्र असलेली दहाची नवी चॉकलेटी नोट आली. नाणं २० ते ३० वर्षं टिकतं. दहाची नोट हातोहात फिरून लवकर मळते, फाटते. २०१८ च्या सुमाराला एका दहाच्या नाण्याचा खर्च साडेपाच रुपयांच्या आसपास आणि एका नोटेचा सुमारे एक रुपया होता. आयुष्य पाहता नाणंच स्वस्त पडतं. पण हा फायदा सरकारच्या तिजोरीला होतो, दुकानदाराच्या गल्ल्याला नाही, त्यामुळे या हिशेबाने बाजारात कुणाचं मन वळत नाही.

बाहेरच्या देशांत हेच दिसलं. कॅनडाने १९८७ मध्ये एक डॉलरचं नाणं काढलं, १९८९ मध्ये नोट थांबवली आणि नाणं रुळलं. अमेरिकेने १९७९ मध्ये एक डॉलरचं नाणं काढलं, नोट मात्र सोडली नाही. शिवाय ते नाणं २५ सेंटच्या नाण्याच्या जवळपास आकाराचं निघालं आणि लोकांनी त्याला हात लावला नाही. इटलीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १ जानेवारी २००२ ला युरोची नोटा-नाणी आली. १ युरो म्हणजे १९३६.२७ लिरा. सगळ्यात छोटी नोट ५ युरोची, म्हणजे जवळजवळ ९,७०० लिरांची. काल एक हजार लिरांची नोट खिशात ठेवणारा माणूस आज तेवढ्याच किमतीची नाणी हाताळू लागला आणि नाणी त्याला चिल्लर वाटून भराभर खर्च झाली. तिथले अर्थमंत्री जुलिओ त्रेमोंती यांनी १ आणि २ युरोच्या नोटा काढाव्यात अशी मागणी लावून धरली. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २००४ मध्ये ती नाकारली. नाण्याला माणूस मनातल्या मनात कमी लेखतो, किंमत छापलेली तीच असली तरी. आपल्याकडे दहाच्या नाण्याच्या नकारात याचाही वाटा आहे: दहा रुपये ‘नोटेचे’ वाटतात, ‘चिल्लर’ वाटत नाहीत.

आपल्याकडच्या १९५७ च्या बदलात तर शंकेला गणिताचाच आधार होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचं नाणं नाही, म्हणून एका आण्याला सहा धरायचे. दोन आण्यांना बारा, चार आण्यांना बरोबर पंचवीस. एकेक आणा सुटा मोडणाऱ्याचा पाव पैसा जायचा आणि चार आणे एकदम देणाऱ्याचा हिशेब चोख बसायचा. लोकांनी म्हणूनच चार आणे, आठ आणे हे बोलणं सोडलं नाही.

आकाराचा घोटाळाही आपण स्वतःच करून ठेवला आहे. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २१.९३ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचं. त्याआधीच्या मालिकेतलं पन्नास पैशांचं नाणं २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचं. अंधारात, गर्दीत हाताला दोन्ही एकच लागतात. ‘छोटा रुपया’ नाकारणाऱ्या भाजीवालीचं यात काहीच चुकत नाही, कारण तिला दिवसाला दहा-वीस वेळा आठ आण्यांचा फटका बसण्याची भीती असते. २०१९ च्या मालिकेत ही चूक दुरुस्त केली: एक २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७, आणि वीसचं नाणं २७ मिलिमीटरचंच पण बारा कोनी. किंमत वाढते तसं वजन वाढतं. दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावं म्हणून ही रचना आहे आणि ती खरोखर चांगली आहे. अडचण इतकीच की आधीच्या सगळ्या मालिका तिच्यासोबत अजून फिरतात.

कायद्याचं आता थोडक्यात, कारण इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. नाणी भारत सरकार पाडतं, रिझर्व्ह बँक ती फक्त वाटते. नोटा रिझर्व्ह बँकेच्या, अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. ती सरकारची असते आणि कायद्याच्या व्याख्येत ती नाण्यातच मोडते. नोट कितीही रकमेसाठी वैध आहे. नाण्यांना मर्यादा आहे: २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एकूण १,००० रुपयांपर्यंत वैध चलन, पन्नास पैसे १० रुपयांपर्यंत. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याने ६,००० चं बिल नाण्यांत घ्यायला नकार दिला तर तो कायद्याला धरून आहे. ५०० च्या बिलात दहाची नाणी नाकारली तर नाही. ‘नाणं नाकारणं म्हणजे देशद्रोह, पोलिसांत द्या’ हे जे संदेश फिरतात त्यांना आधार नाही. नाणे कायद्यात नकाराला शिक्षा सांगणारं कलम नाही. शिक्षा आहे ती नाणी वितळवण्याला, मोडतोड करण्याला, आणि ती सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. म्हणून काउंटरवर पोलिसांची धमकी देऊ नका, त्याने नाणं चालत नाही आणि गिऱ्हाईक तुटतं.

पन्नास पैशांचं उदाहरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते आजही वैध आहे आणि तरी बाजारात कुणी घेत नाही. कायद्यात जिवंत आणि व्यवहारात मेलेलं, अशी दहाच्या नाण्याचीही काही तालुक्यांत गत झाली आहे. ती उलटवता येते, कारण दहा रुपयांना अजून रोजच्या व्यवहारात काम आहे. चहा, बिस्किटाचा पुडा, कोथिंबिरीची जुडी, शेअर रिक्षा, सगळं त्याच्या आसपासचं.

आता प्रत्यक्ष काम: साठलेली नाणी भरणं.

१,००० रुपयांची कायदेशीर मर्यादा दुकानातल्या आणि कुणाच्या बिलातल्या देण्याघेण्यासाठी आहे. बँकेत खात्यावर नाणी भरायला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा ठेवलेली नाही. शाखेने लहान नोटा आणि नाणी नाकारू नयेत, अशी स्पष्ट सूचना आहे. एक-दोनची नाणी वजनाने घ्यावीत आणि १००-१०० च्या प्लास्टिक पिशव्यांत घेतली तर कॅशियर आणि खातेदार दोघांनाही सोपं जातं, असंही त्यात म्हटलं आहे. अशा पिशव्या शाखेने काउंटरवर ठेवायच्या असतात. ‘मोजायला माणूस नाही’ या उत्तराला तोंड देण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मोजायचं काम आधीच करून नेणं.

पहिल्यांदा किमतीनुसार वेगळी करा: एक, दोन, पाच, दहा, वीस. एका पिशवीत दोन किमती कधीही नकोत, भरणा परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. चिखल, हळद-कुंकू, तेल लागलेली नाणी धुऊन पूर्ण कोरडी करा. ओली नाणी पिशवीत चिकटतात आणि वजनही चुकवतात. मग सपाट टेबलावर दहा-दहाच्या दहा चळती लावा आणि वरून तळहात फिरवा. एखादी चळत उंच किंवा बुटकी असेल तर लगेच हाताला कळतं. मात्र चळत एकाच मालिकेच्या नाण्यांची हवी. जाड आणि पातळ पाचची नाणी मिसळली तर उंची फसवते.

किराणा दुकानात तराजू असतोच, त्याचा उपयोग दहासाठी उत्तम होतो. रिकामी पिशवी ठेवून तराजू शून्यावर आणा, मग नाणी टाका. ७.७१ ग्रॅमची १०० नाणी ७७१ ग्रॅम भरतात, नव्या मालिकेची ७७४. पाच ग्रॅमच्या टप्प्याने वाचणारा तराजू असेल तर ७७० किंवा ७७५ दिसेल. ७६५ दिसलं तर एक नाणं कमी आहे, ७८० दिसलं तर एक जास्त. दोन्ही मालिका मिसळल्या तरी शंभर नाण्यांत जास्तीत जास्त तीन ग्रॅमचा फरक पडतो, तो एका नाण्याच्या निम्म्याहून कमी आहे. खूप झिजलेली नाणी असतील आणि आकडा दोन्हीच्या मध्ये अडखळत असेल तर तेवढी एक पिशवी हाताने मोजा.

एक रुपयाला हीच पद्धत लावलीत तर फसाल. २०११ चा रुपया ३.७९ ग्रॅम, २०१९ चा ३.०९, आणि त्याआधीचे ४.८५ चे स्टीलचे रुपये अजून भरपूर फिरतात. समजा १०० नाण्यांत ७० नाणी ३.७९ ची आणि ३० नाणी ३.०९ ची आहेत. वजन भरेल ३५८ ग्रॅम. ३.७९ ने भागलं तर ९४ च नाणी दिसतील, पाच-सहा रुपये गायब. बँकेत वजनावरून वाद होतात ते बहुतेक याच कारणाने, आणि त्यात कॅशियरही खरा असतो आणि खातेदारही. रुपये आधी आकाराने तीन ढिगांत वेगळे करा आणि मगच तोला. पाचच्या बाबतीत तर जुनं जाड नाणं ९ ग्रॅम, नंतरचं ६ आणि २०१९ चं ६.७४, त्यामुळे पाच सरळ हाताने मोजा.

प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावा: किंमत, नग, रक्कम, दुकानाचं नाव, तारीख. भरणा स्लिपवर नोटांच्या खाली नाण्यांची ओळ असते, तिथे किंमतवार आकडे लिहा, नुसती एकूण रक्कम नको. रोख जमा करण्याचं यंत्र नाणी घेत नाही, काउंटरवरच जावं लागतं. वेळ निवडताना महिन्याचे पहिले दहा दिवस, सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळा. पेन्शन आणि पगाराच्या गर्दीत चार किलो नाणी घेऊन उभं राहिलात तर उत्तर काय मिळेल ते ठरलेलं आहे. एकदम तीस पिशव्या नेण्यापेक्षा आठवड्याला पाच न्या. काही बँका ठरावीक रकमेनंतर रोख हाताळणीचं शुल्क लावतात, शाखेतला शुल्कतक्ता आधी पाहून घ्या, चालू खात्याला हे जास्त लागू होतं.

बँकेची बाजूही समजून घ्यायला हवी. नोटा यंत्रावर काही सेकंदांत मोजल्या जातात, नाण्यांचं यंत्र बहुतेक ग्रामीण शाखांत नसतं. शाखेत रोकड ठेवायला मर्यादा असते. जमलेली नाणी करन्सी चेस्टकडे (रिझर्व्ह बँकेसाठी नोटा-नाणी साठवणाऱ्या ठरावीक शाखांतल्या तिजोरीकडे) पाठवायची तर चेस्टमध्ये जागा हवी आणि गाडीभाडं रकमेच्या मानाने फार पडतं. दहा लाखांच्या पाचशेच्या नोटा एका पिशवीत मावतात, दहा लाखांची दहाची नाणी ७७१ किलो होतात. नाणी वाटण्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँक पिशवीमागे प्रोत्साहन रक्कम देते, सप्टेंबर २०२१ पासून ती २५ वरून ६५ रुपये झाली आणि ग्रामीण भागासाठी वर थोडी जास्त. पण ते पैसे नाणी बाहेर काढण्याचे आहेत. परत घेणं हे शाखेला निव्वळ ओझं वाटतं, आणि दुखणं तिथेच आहे. खेड्यातल्या शाखेने आठवड्यातून एक दिवस नाणी घेण्यासाठी जाहीर केला, तर त्या गावात दहाचं नाणं नाकारण्याचं मुख्य कारणच उरत नाही.

तरीही नकार आला तर वाद न घालता शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. किती पिशव्या, कोणत्या किमतीच्या, कोणत्या दिवशी नेल्या, काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा आणि पोच घ्या. त्यातून काम झालं नाही तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे तोच अर्ज पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर (बँकेच्या तक्रार नोंदवायच्या संकेतस्थळावर) तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोच नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून पहिल्या अर्जाची प्रत जपा. अनुभव असा की नीट बांधलेल्या पिशव्या आणि लेखी अर्ज एकत्र दिसले की गोष्ट बहुधा शाखेतच मिटते.

बाजारात नाणं पुन्हा चालतं करायचं असेल तर एकट्या दुकानदाराने ‘मी घेतो’ म्हणून होत नाही. त्याच्याकडे सगळ्या गावाची नाणी येऊन पडतात. घाऊक व्यापाऱ्याशी बोलून प्रत्येक बिलात दहाच्या नाण्यांची एक पिशवी घ्यायचं ठरवा. १०० नाणी म्हणजे बरोबर १,००० रुपये, कायद्याची मर्यादाही तेवढीच, त्यामुळे त्यालाही नाही म्हणायला जागा राहत नाही. दुकानदार संघाने सगळ्यांनी एकाच तारखेपासून सुरुवात करावी आणि दारावर ‘दहाची सर्व नाणी घेतली व दिली जातील’ अशी पाटी लावावी. यात ‘दिली जातील’ महत्त्वाचं आहे. गिऱ्हाईकाला सुटे देताना दहाचं एकच नाणं द्या, चार एकदम हातात ठेवू नका. एक नाणं कुणी परत करत नाही. पेट्रोल पंप, दवाखान्याची औषधं, आठवडे बाजाराची पावती, अशा दोन-तीन ठिकाणी नाणं चालतंय हे लोकांना दिसलं की बाकीचे पटकन मागे येतात.

फाटक्या नोटांना आपण जी मुभा देतो तीही आवरायला हवी, कारण चिकटपट्टीची नोट फिरत राहते ती नाण्याच्या वाट्याला येणारं काम हिरावून घेऊन. २० रुपयांपर्यंतच्या फाटक्या नोटेचा सगळ्यात मोठा सलग तुकडा अर्ध्याहून जास्त असेल तर बँक पूर्ण किंमत देते. ५० आणि त्यावरच्या नोटेला पूर्ण किमतीसाठी ८० टक्क्यांहून मोठा तुकडा लागतो, ४० ते ८० टक्क्यांना अर्धी किंमत. त्यासाठी त्या बँकेत खातं असण्याची गरज नाही. नाण्यांच्या पिशव्या नेता तेव्हाच अशा नोटा वेगळ्या पाकिटात नेऊन बदलून आणा.

एक सावधगिरी. वैष्णोदेवीचं नाणं किंवा अमुक सालाचं नाणं लाखांना विकलं जातं अशा जाहिरातींमागे लागून नाणी अडवून ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी आधी ‘शुल्क’ मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सांगितलं आहे. ही नाणी कोट्यवधींनी पाडलेली आहेत, त्यांची किंमत दहा रुपयेच.

वीसच्या नाण्याबाबत आत्ताच जागं राहायला हवं. बारा कोनांचं, ८.५४ ग्रॅमचं हे नाणं २०२० पासून बाजारात आहे आणि वेरूळच्या लेण्याचं चित्र असलेली वीसची हिरवट-पिवळी नोट त्याच्या शेजारी छापली जाते आहे, म्हणजे दहाच्या वेळची परिस्थिती पुन्हा तयार आहे. तुमच्या गावात ते अजून अडायला लागलं नसेल तर आजपासून सुट्यांत एकेक देत राहा आणि ५० नाण्यांची पिशवी झाली की बँकेत भरा. त्या पिशवीचं वजन ४२७ ग्रॅम भरतं.